मॅमथचा सुळा नको, करवंटी घ्या : कोरीव दागिने शिकणाऱ्यांसाठी

तुमच्यापैकी बरेच जण ज्या वाटेने या कामाकडे वळतात, त्याच वाटेने मीही वळले. रात्री जेवणं आटोपल्यावर मोबाइलवर अलास्कातल्या एका कारागिराचा व्हिडिओ दिसला. शेकडो वर्षं जमिनीत पुरलेला, वॉलरस या समुद्री प्राण्याचा सुळा, मुरून मुरून कोऱ्या चहाच्या रंगाचा झालेला. तो माणूस बारीक कानशीने तो घासत होता आणि त्यातून बोटभर लांबीचं एक सील बाहेर येत होतं. वेंगुर्ल्याच्या घरात पडवीत बसून मी तो व्हिडिओ सहा वेळा पाहिला आणि ठरवलं, आपण हेच करायचं.

मग मॅमथच्या, म्हणजे हत्तीच्या नामशेष भाऊबंदाच्या, सुळ्याचे तुकडे विकणारा परदेशातला एक जण सापडला. 'प्राणी नामशेष झालाय, त्यामुळे कायद्याची अडचण नाही' असं त्याने लिहून पाठवलं. पैसे भरायच्या आदल्या दिवशी वकिली करणाऱ्या चुलत दिरांना सहज विचारलं. त्यांनी डोक्याला हात लावला. म्हणाले, "वहिनी, दागिने राहूदेत, आधी जामिनाची तयारी करा."

आज मी करवंटीचे दागिने करते आणि विकते. कोरायचं कसब तेच, कानस तीच, डोळेफोडही तीच. फक्त माल आपल्या परसातला. मी ज्या ज्या ठिकाणी अडखळले ती ठिकाणं खाली क्रमाने लिहिते.

१. करवत हातात घेण्याआधी कायदा

ही पायरी कंटाळवाणी वाटेल, पण हिच्यावरच बाकी सगळं उभं आहे.

बाजारात 'फॉसिल आयव्हरी' नावाने मुख्यतः दोन गोष्टी येतात. एक, सायबेरियातल्या कायम गोठलेल्या जमिनीतून निघणारे मॅमथचे सुळे. दुसरी, बेरिंग समुद्रातल्या सेंट लॉरेन्ससारख्या बेटांवर जुन्या वस्त्यांच्या मातीत सापडणारे वॉलरसचे सुळे. नाव फॉसिल असलं तरी त्याचा पुरता दगड झालेला नसतो. जमिनीतली खनिजं मुरून रंग बदलतो, इतकंच. तपकिरी रंग नेहमीचा, व्हिविएनाइट नावाच्या खनिजाने क्वचित निळाही. तिथल्या आदिवासी कारागिरांची ती पिढीजात कला आहे आणि ती त्यांच्या हातातच शोभते.

आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. १९८६ च्या दुरुस्तीने भारतीय हस्तिदंताचा व्यापार बंद झाला आणि १९९१ च्या दुरुस्तीने आयात केलेल्या आफ्रिकी हस्तिदंताचाही. त्यावर काही व्यापारी न्यायालयात गेले. मॅमथ नामशेष झालाय, तो हत्ती नव्हे, म्हणून त्याच्या सुळ्याला बंदी लागू नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली ते फेटाळलं आणि मॅमथचा सुळाही बंदीत येतो हे स्पष्ट केलं. असल्या मालाच्या व्यापाराला किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सात वर्षं कैद आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान २५,००० रुपये दंड आहे.

कारण समजलं की राग येत नाही. आडवा छेद घेतला की सुळ्यात एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा दिसतात. मॅमथच्या रेघांचा कोन ९० अंशांपेक्षा कमी, हत्तीच्या रेघांचा ११५ पेक्षा जास्त. सुळा अख्खा असला तर फरक कळतो. कानातल्या इवल्याशा फुलात काय कळणार? मॅमथच्या नावाखाली हत्ती सहज खपून जातो.

कोकणातल्या माणसाला याहून जवळचे सापळे आहेत. आपल्याकडे 'रानात मिळालं' किंवा 'समुद्राने टाकलं' म्हटलं की ती वस्तू आपली, असा समज आहे. तो सोडा:

- सांबर-चितळाचं गळून पडलेलं शिंगसुद्धा उचलायचं नाही, घरात ठेवायचं नाही आणि कोरायचं तर नाहीच.
- आजोबांच्या पेटीत निघालेलं वाघनख 'जुनं आहे' म्हणून विकता येत नाही.
- कासवाची पाठ, प्रवाळाचे तुकडे, नॉटिलस आणि काही मोठे शंख संरक्षित यादीत आहेत. मालवणच्या किनाऱ्यावर वाहून आलेलं प्रवाळ दिसलं तरी तिथेच राहू द्या.
- तिसऱ्यांचे आणि कालवांचे शिंपले मात्र खुशाल वापरा. आमटी झाली की तेच उरतात.

पांढऱ्या रंगाचाच हट्ट असेल तर पूर्वी लहान मुलांच्या गळ्यात दृष्ट लागू नये म्हणून बांधायचे तो बजरबट्टू आठवा. श्रीताडाचं बी ते. दगडासारखं टणक असतं आणि घासलं की छान गुळगुळीत होतं. फक्त मिळायला कठीण, कारण हे झाड आयुष्यात एकदाच फुलतं आणि मरतं. करवंटी रोज मिळते.

२. करवंटी कुठली घ्यायची

आमच्याकडे तिला करटी म्हणतात. मी पहिल्यांदा करट्या गोळा करायला लागले तेव्हा सासूबाई न्हाणीच्या चुलीपुढे बसल्या होत्या. म्हणाल्या, "गो, ह्या करटेक कोण पैशे देतलो? हय घाल, पाणी तरी तापात." त्यांचंही खरं. अर्ध्या कोकणाची अंघोळ करवंटीवर तापते. पण याच घरांत करवंटीचा दवला, म्हणजे डावही असायचा, त्यामुळे ही वस्तू टिकते कशी हे कोणी शिकवायला लागत नाही.

शहाळ्याची करवंटी घेऊ नका, ती कच्ची आणि फिकी असते. पूर्ण पिकलेल्या, म्हणजे साधारण बारा महिन्यांच्या नारळाची हवी. सगळ्यात चांगली सुक्या गोट्याची, कारण खोबरं आपोआप सुटलेलं असतं आणि आत कुजायला काही उरत नाही. बाणवली नारळ मोठा, त्याची करवंटी पसरट निघते आणि पसरट म्हणजे कमी बाक. दागिन्याला हेच लागतं. ठेंगू जातीच्या छोट्या नारळाला बाक जास्त. त्याच्या अंगठ्या बऱ्या होतात, लॉकेट नाही.

तीन परीक्षा करा. नखाने ठोकून बघा, टणटणीत वाजली पाहिजे. बद्द वाजली तर कुठेतरी चीर आहे. मग उन्हाकडे धरून आतून बघा, केसाएवढी चीरसुद्धा उजेडाने दिसते. शेवटी कडेची जाडी बघा, तीन-चार मिलिमीटर असली तर उत्तम.

आणायची कुठून? घरची पुरत नाही. खानावळी, लग्नाचे आचारी, सुकं खोबरं करणारे आणि देवळं या माझ्या चार जागा. देवळातल्या नारळाबाबत गुरवाला विचारून घ्या. मला कोणी अडवलं नाही, पण न विचारता उचललं असतं तर गावभर झालं असतं. कोयत्याने फोडलेल्या करवंटीत कडेपासून बारीक चिरा आत गेलेल्या असतात. शक्य तिथे सांगून ठेवा की फोडण्याऐवजी मधोमध करवतीने कापा. आचारी हसतात. एखादा ऐकतोही.

३. हत्यारं

सुरुवातीलाच मोटर घेऊ नका. मी घेतली. हातातलं हँड ग्राइंडर, तीस-चाळीस टोकांच्या डबीसकट. पहिल्याच दिवशी धूर निघाला, कडा जळून काळ्या झाल्या आणि पडवीभर तपकिरी पीठ पसरलं. पहिले तीन महिने हातानेच करा, म्हणजे करवंटी कुठे दाद देते आणि कुठे नाही ते कळेल.

- सोनारी करवतीची चौकट आणि पाती. एक ते तीन नंबरची पाती करवंटीला ठीक. पाती डझनाने घ्या, तुटणारच.
- व्ही आकाराची खाच पाडलेली लाकडी फळी आणि ती टेबलाला आवळायला शिकंजा.
- एक अर्धगोल मोठी कानस आणि बारीक कानशींचा संच.
- हातड्रिल, एक आणि दीड मिलिमीटरची टोकं.
- पाण्यात चालणारा पॉलिश पेपर : १२०, २२०, ४००, ६००, ८००, १०००. नंबर जितका मोठा तितका कागद बारीक.
- कोरायला टोकदार पोलादी सुई. जुन्या डिव्हायडरचं टोक मुठीत बसवलंत तरी चालतं.
- एन-९५ मास्क आणि डोळ्यांना चष्मा. हे दोन नसतील तर काम सुरूच करू नका.

हार्डवेअरच्या दुकानात 'सोनारी करवत' मागितली तर लाकूड कापायची कोपिंग सॉ हातात पडते. तिचं पातं जाड आणि वळण मोठं. खरी सोनारी हत्यारं सोनारांच्या पेठेतच मिळतात. आम्हा सिंधुदुर्गवाल्यांना कोल्हापूरची गुजरी जवळ, रत्नागिरीच्या वरच्यांना मुंबईचा झवेरी बाजार सोयीचा.

४. साफ करणं आणि सुकवणं

खोबरं चिकटलेलं असेल तर दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवा, रोज पाणी बदला, मग चमच्याने खरवडा. बाहेरचे केस काढायला फुटक्या काचेचा तुकडा कानशीपेक्षा लवकर काम करतो. हा जुना उपाय. हातात जाड फडकं मात्र धरा. नंतर सावलीत वाऱ्याला सुकवा. भिजलेली करवंटी एकदम एप्रिलच्या उन्हात टाकली की तडकते. 'कट' असा आवाज येतो आणि दोन दिवसांची मेहनत जाते.

मे महिन्यात वर्षभराचा साठा करून घ्या. पावसात इकडे काहीच सुकत नाही.

५. कापणं

करवंटी गोल आणि नक्षी सपाट. निम्म्या चुका इथेच होतात. मोठा सपाट दागिना करवंटीतून निघत नाही. कानातल्याला दीड-दोन सेंटिमीटरची चकती घ्या, तिचा बाक घासून जातो. लॉकेट चार सेंटिमीटरच्या वर नेलंत तर बाक राहणारच, मग तोच बाक नक्षीत वापरा. पान काढा, होडी काढा, चंद्रकोर काढा.

कागदावर आकार काढून तो डिंकाने करवंटीवर चिकटवा. आता एक क्रम पाठ करा : आधी भोक, मग कापणं. मी आकार कापून झाल्यावर हुकासाठी भोक पाडायला जायची आणि दर तिसरा तुकडा कडेवर फुटायचा. तुकडा मोठा असतानाच भोक पाडलं तर आजूबाजूला जोर घ्यायला जागा असते. भोक कडेपासून निदान दोन मिलिमीटर आत ठेवा आणि खाली लाकडाचा तुकडा धरा, म्हणजे मागची बाजू उडत नाही.

पातं चौकटीत बसवताना दाते मुठीकडे वळलेले हवेत. करवत खाली ओढताना कापते, वर नेताना नाही. ताण इतका द्या की नखाने छेडलं तर तार वाजावी. वळणावर करवत फिरवू नका, जागच्या जागी वर-खाली चालवत करवंटीचा तुकडा फिरवा. जाळीचं काम असेल तर नक्षीच्या आत भोक पाडून पातं त्यातून ओवून घ्या आणि पुन्हा चौकटीला लावा.

पहिल्या आठवड्यात माझी अकरा पाती तुटली. तुमची आठ तुटली तर तुमचा हात माझ्यापेक्षा बरा.

६. घासणं : सगळं काम इथे आहे

नवीन माणूस कोरण्याच्या ओढीने ही पायरी उरकतो आणि मग दागिना जत्रेतल्या खेळण्यासारखा दिसतो. कापायला मला वीस मिनिटं लागत असतील तर घासायला पाऊण तास लागतो.

आधी कानशीने मागची, म्हणजे आतली बाजू सपाट करा. मोठ्या कानशीवर तुकडा उलटा ठेवून आठाच्या आकड्यासारखा फिरवला तर एकसारखा घासला जातो. मग पुढची बाजू. वरचा खडबडीत थर गेला की रंग खुलायला लागतो : गडद तपकिरी आणि त्यात फिक्या रेघांचे, ठिपक्यांचे धागे. दोन करवंट्या सारख्या निघत नाहीत. म्हणून कानातल्याचा जोड एकाच करवंटीतून, तोही शेजारशेजारच्या जागेतून काढा. एक डूल काळा आणि एक कॉफीच्या रंगाचा झाला की गिऱ्हाईक तो खाली ठेवतं.

यानंतर पॉलिश पेपर, आणि इथून पुढे सगळं पाण्यात. थाळीत दोन बोटं पाणी घ्या, कागद बुडवा, तुकडा घासा. धूळ उडत नाही हा मोठा फायदा. ही धूळ अतिशय बारीक असते, नाकात गेली की दोन दिवस खोकला जात नाही. १२० ने कानशीच्या रेघा काढा, २२० ने १२० च्या रेघा काढा, असं चढत जा. एकही नंबर गाळायचा नाही. नक्षी कोरायची असेल तर मात्र ४०० वर थांबा, पुढचे नंबर कोरून झाल्यावर. १२० वरून थेट ६०० वर उडी मारली तर वरून चकचकीत दिसतं, पण आतल्या रेघा तशाच राहतात आणि तेल लावलं की वर येतात. तेव्हा पुन्हा १२० पासून सुरुवात करावी लागते. मी हे इतक्या वेळा केलंय की आता नंबर बदलताना तुकडा फडक्याने पुसून, कोरडा करून, खिडकीशी तिरका धरून बघते. ओल्या तुकड्यावर रेघा लपतात, कोरड्यावर दिसतात.

८०० नंतर तुकडा गालावर फिरवून बघा. बोटांना घट्टे पडलेले असतात, ती खोटं सांगतात. गाल सांगत नाही. १००० झाला की जुन्या सुती साडीच्या तुकड्याने पाच मिनिटं कोरडं घासा.

७. कोरणं

हस्तिदंतावर बारीक रेघा कोरून त्यात काळी शाई भरतात, पूर्वी देवमाशांच्या शिकारीवर जाणारे खलाशी देवमाशाच्या दातांवर हे करायचे. करवंटीवर याच्या उलट : काळ्यावर पांढरं. ४०० पर्यंत घासून झाल्यावर सुईने नक्षी कोरा. एका फटक्यात खोल जाऊ नका, हलक्या हाताने तीच रेघ तीन-चार वेळा ओढा. धाग्याच्या दिशेने सुई घसरते आणि आडवी गेली की अडते. सुरुवातीला आडव्या-उभ्या छोट्या रेघांची नक्षी घ्या, वारली चित्रातल्यासारखे त्रिकोण, ठिपके. गोल वेलबुट्टी नंतर. नाहीतर प्रत्येक वेलीला कोपरे येतील.

कोरून झालं की पांढरा ॲक्रिलिक रंग बोटाने रेघांत चोळा, दहा मिनिटांनी वरचा पुसून घ्या, वाळू द्या, मग ६०० पासून पुढचं घासणं चालू करा. वरचा रंग जातो, रेघांतला राहतो.

उठावाचं काम, म्हणजे नक्षी वर आणि जमीन खाली, तीन मिलिमीटरच्या करवंटीत बेताचंच जमतं. पहिल्या वर्षी त्याच्या मागे लागू नका.

एक जागा नक्षीशिवायच सुंदर असते : नारळाचे तीन डोळे. तो भाग तसाच गोल कापून, घासून लॉकेट केलं तर माझ्या सगळ्या कोरीव कामापेक्षा लवकर विकलं जातं. मला याचा थोडा रागही येतो.

८. तेल, मेण आणि आपला पावसाळा

करवंटीला खोबरेल लावायचं, हे इतकं सरळ वाटतं की कोणी दुसरा विचारच करत नाही. मीही केला नाही. मे महिन्यात साठ नग खोबरेल लावून डब्यात भरले. जुलैत डबा उघडला तर सगळ्यांवर पांढरी बुरशी, वर खवट वास. खोबरेल कधी वाळत नाही, चिकट राहतं आणि त्यावर धूळ आणि बुरशी बसते.

जवसाचं तेल वाळतं. फडक्याने अगदी पातळ हात द्या, वीस मिनिटांनी सगळं पुसून काढा, दोन दिवस वाऱ्यावर ठेवा, मग दुसरा हात. आठवडाभराने मधमाशांचं मेण चोळून फडक्याने चमकवा. वार्निश मारू नका. प्लॅस्टिकसारखं दिसतं आणि घामाने सोलतं.

धोका : जवसाच्या तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ते वाळताना आपोआप तापतं आणि पेट घेऊ शकतं. उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

जूननंतर तयार माल हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, शाई उतरते.

९. जोडणी

हुक आणि कड्या स्टीलच्या किंवा चांदीच्या घ्या. स्वस्त पांढऱ्या धातूच्या हुकात बहुधा निकेल असतं, काहींचे कान खाजून लाल होतात आणि ते गिऱ्हाईक परत येत नाही. कानातल्या फुलांच्या मागे खुंटी चिकटवायला फेविक्विक नको, काळ्या करवंटीभोवती त्याचा पांढरट डाग उमटतो. दोन्ही बाजू १२० ने खरवडून अराल्डाइट लावा आणि पूर्ण एक दिवस हात लावू नका. गळ्यातल्याला मेण लावलेला सुती दोरा आणि सरकती गाठ, म्हणजे मापाची भानगड राहत नाही.

१०. कागदपत्रं

एक फाइल करून ठेवा :

- आधार (मोबाइल नंबर जोडलेला), पॅन, बँक पासबुक, फोटो.
- उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी. ही सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. तशाच दिसणाऱ्या खासगी साइटी 'फी' म्हणून पैसे घेतात. पत्ता 'जीओव्ही डॉट इन'ने संपतोय का ते बघा.
- हस्तशिल्प विकास आयुक्तांकडून मिळणारं कारागीर ओळखपत्र, 'पहचान'. सरकारी प्रदर्शनात जागा मागताना याचा उपयोग होतो.
- कामाचे फोटो, अर्धवट नगांचे आणि हत्यारांचेही. हे आपण स्वतः करतो हे त्यातून पटतं.

सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. त्यात काथ्या विणणारे आहेत, सोनार आहेत, खेळणी करणारे आहेत, पण करवंटीकाम त्या नावाने नाही. 'बसवून देतो' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. बायकांनो, बचत गटात असाल तर 'उमेद' या सरकारी अभियानाच्या तालुका कार्यालयात चौकशी करा, मुंबईतल्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनाची वाट तिथूनच जाते. जीएसटीची मर्यादा मालासाठी वर्षाला ४० लाख असली तरी ऑनलाइन पोर्टलवर आणि परराज्यात विकताना नियम वेगळे लागतात. तेवढ्यापुरतं सीएला एकदा विचारून घ्या.

११. किंमत आणि विक्री

पहिलं कानातलं मी साठ रुपयांना विकलं, कारण 'करवंटी तर फुकटच'. असा हिशेब करू नका. माझा आताचा हिशेब असा : हुक, कागद, पातं, कार्ड, पिशवी मिळून जोडीला ३५ रुपये. दीड तास काम, तासाला १०० धरून १५०. झाले १८५. दुकानदार पस्तीस टक्के घेतो, म्हणजे छापील किंमत ३०० ठेवली तर हातात १९५ येतात. तोच जोड मी स्वतः स्टॉलवर विकते तेव्हाही ३००. तिथे कमी केली तर दुकानदार पुढच्या वेळी दारात उभं करत नाही आणि त्याचं बरोबर आहे.

दुकानात माल 'विकला की पैसे' या बोलीवर ठेवत असाल तर नगांची यादी करून त्यावर सही घ्या. ओळखीचं असलं तरी. मी एका पर्यटनस्थळी ओळखीवर चाळीस जोड ठेवले. हंगाम संपल्यावर उन्हाने फिके पडलेले बावीस परत मिळाले. बाकीच्यांचं काय झालं ते विचारलं तर 'बघतो' म्हणाले. अजून बघतायत.

हंगाम लक्षात घ्या. दिवाळी ते मे पर्यटक, त्यात नाताळ आणि मे महिना भरगच्च. जूनमध्ये सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद झाल्या की मालवणात शुकशुकाट. गणपतीत चाकरमानी येतात, पण त्यांना दागिन्यापेक्षा दिवे, करंडे आणि कुंकवाच्या डब्या हव्या असतात. म्हणून पावसात मी तेच करते. आंगणेवाडी-कुणकेश्वरच्या जत्रांना गर्दी अफाट, पण हात खेळण्यांकडे आणि खाजाकडे जातो. तिथे शंभराच्या आतलेच नग न्या. जागेची परवानगी ग्रामपंचायत, नगरपरिषद किंवा जत्रेत देवस्थान, जिथे जी लागेल ती आधीच काढा.

प्रत्येक नगाच्या कार्डावर 'नारळाची करवंटी, हाताने केलेलं' असं लिहा. एकदा एक आजी लॉकेट हातात घेऊन बराच वेळ विचार करत होत्या. शेवटी हळूच म्हणाल्या, "बाळा, हे शिंग नाही ना? आम्ही माळकरी." करवंटी म्हटल्यावर त्यांनी तीन घेतली. तेव्हापासून कार्ड.

किनाऱ्यावर स्टॉल लावलात तर दुपारनंतर वारा सुटतो, कार्डं उडतात. फळीला खिळे मारून नग त्याला अडकवा. आणि रिकामं बसू नका. एक अर्धवट नग, ८०० चा कागद आणि वाटीत पाणी घेऊन घासत बसा. आधी पोरं येऊन उभी राहतात, मग त्यांना हाका मारत आया येतात. एखाद्या पोराला दोन मिनिटं घासायला द्या. नग थोडा वाकडा होईल, तो तुम्हाला घरी जाऊन सरळ करता येतो.